मोगरीचा उपास

नागाव, ता. अलिबाग
१० फेब्रुवारी २०२६

देवव्रत,

तुझ्या लेखातली एक चूक कळवण्यासाठी लिहिते आहे. कॉलेजच्या स्मरणिकेत तू म्हटलं आहेस की एकोणनव्वद साली तुझे रक्ताचे नमुने ‘कचऱ्यात फेकले गेले’. कचऱ्यात नाही, मोरीत ओतले. नळ्या धुऊन पुन्हा मांडणीवर लावल्या, कारण त्या सरकारी होत्या. मेळाव्याच्या प्रमुख पाहुण्याने निदान तपशील तरी नीट द्यावा.

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या की शत्रूलाही पत्र लिहिताना ‘प्रिय’ लिहावं. त्यांचं बाकी सगळं मी आजवर पाळलं. तारीख, समास, निळी शाई. हे एक जमलं नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या त्या मेळाव्याचं निमंत्रण मलाही आलं. आत तुझा फोटो. टक्कल पडलंय तुला. खाली ‘घोड्यांच्या प्रजननातले नामवंत तज्ज्ञ’ वगैरे. आणि तुझ्या लेखात माझ्यावर एकच वाक्य, तेही नाव न घेता: ‘तत्कालीन प्रयोगशाळा-प्रमुखांच्या मते माझ्या हाताला लागलेल्या डब्यातल्या तेलाने नमुने बिघडले होते.’ नाव घ्यायचं होतंस. मी अजून जिवंत आहे. बहात्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, पण वाचता येतं. त्या डब्यात रोज शेंगदाण्याची चटणी असायची आणि तू ती टेबलावरच खायचास, हेही लिहायचं होतंस.

तू म्हणायचास, घोडीच्या वारेतून आईची चरबी शिंगराकडे जाते. मी म्हणायची, शक्य नाही. घोडीची वार म्हणजे सहा पदरी भिंत. अलीकडे आईचं रक्त, पलीकडे शिंगराचं, दोघांची गाठ पडत नाही. साखर तेवढी पलीकडे जाते, आणि त्या साखरेतून शिंगरू आपली चरबी आपणच करतं. तेव्हा पुस्तकांत हेच होतं. मी निवृत्त होईपर्यंत हेच शिकवलं.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण फक्त तुझा लेख. दुसरं काही नाही.

इथे माझ्या वाडीच्या मागे शिवदास घरतचा तबेला आहे. तो किनाऱ्यावर घोडागाडी चालवतो. त्याची मोगरी नावाची घोडी गाभण आहे, नऊ वर्षांची, बुटकी, देशी. गाडीला जुंपणं बंद केल्यापासून नुसती खाऊन खाऊन पिंप झाली आहे. मागच्या खेपेला तिचं शिंगरू मेलेलं जन्मलं, म्हणून शिवदासच्या आईने, नीराबाईने, नवस बोलला आहे: महाशिवरात्रीला घरच्यांबरोबर घोडीही उपास धरेल. रविवारी आहे. अडाणीपणा आहे, पण मला काय.

हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. इथे नारळाबद्दल बोलायला माणसं मिळतात, घोड्याबद्दल नाही.

उत्तराची अपेक्षा नाही.

सुचिता टिपणीस


१७ फेब्रुवारी, दुपारी दोन

देवव्रत,

हे पत्र टपालाने येणार नाही. शिवदासची बायको तेजस्वी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तिने तुझ्या स्टड फार्मचा नंबर शोधलाय, ती या पानांचे फोटो काढून पाठवणार आहे. “मॅडम, मेसेज टाईप करा ना, दोन ओळींचं तर काम,” म्हणाली. मी म्हटलं, या माणसाशी माझं दोन ओळींत भागत नाही.

मोगरी काल सकाळपासून खात नाही. आज गाभणपणाचा तीनशे चौदावा दिवस. शनिवारी संध्याकाळी तिचा चारा काढून घेतला, सोमवारी सकाळी परत घातला. मधे फक्त पाणी. सोमवारी नीराबाईने भिजवलेले चणे पुढे धरले. मोगरीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून कोपऱ्यात डोकं घालून उभी आहे. आज सडांना चिकट थेंब आले आहेत. जवळजवळ चार आठवडे आधी.

तालुक्याचा पशुवैद्य निकेश येऊन गेला. त्याने रक्त काढलं. नळी मी माझ्या खिडकीत उभी करून ठेवली, घड्याळ लावून. लाल खाली बसलं. वर जे उरलं ते पिवळं असायला हवं होतं. ते दुधासारखं पांढरं होतं, देवव्रत. नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षर दिसत नव्हतं.

तुला पुढचं सांगायला नको. पोट रिकामं पडलं, म्हणून तिचं शरीर अंगावरची चरबी रक्तात सोडत सुटलं आहे, आणि यकृताला ती आवरत नाही. अशा जाड, गाभण घोड्या यातून मरतात, हे मला माहीत आहे. पोटातलंही जातं.

अलिबागला माणसांची लॅब आहे, तिथे तेजस्वीने नळी नेली. फॉर्मवर लिहिलं: मोगरी शिवदास घरत, वय नऊ, स्त्री. तासाभराने तिथल्या बाईंचा घाबरून फोन. रक्तातली चरबी अकराशे चाळीस. “अहो, मुलीला अॅडमिट केलंत का?” तेजस्वी म्हणाली, “करू, पण ती दारातून आत येत नाही.” मी हसले. मग लाज वाटली.

आता एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं की उपासाचं नीराबाईने ठरवलं. ठरवलं तिनेच. पण आधी ती माझ्याकडे विचारायला आली होती. पायरीवर बसली आणि म्हणाली, “बाय, तू शिकलेली. एक दीस उपाशी ऱ्हायली तर प्वाटातल्याला काय व्हनार न्हाय ना?”

मी म्हटलं, “काही होत नाही. आईच्या अंगावरची चरबी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. उलट ही जरा उतरेल.”

हे मी म्हटलं. कोणी वदवून घेतलं नाही.

निकेश मुलगा प्रामाणिक आहे, पण गायीम्हशींचा. स्वतःच म्हणतो, “घोडीची जबाबदारी मी एकट्याने घेणार नाही.” मुंबईला न्यावी तर रेवसच्या लाँचमध्ये घोडी चढत नाही, आणि टेम्पोत चार तास ती उभी राहणार नाही. काय करायचं ते सांग. मला सांगू नकोस. शिवदासचा नंबर खाली लिहिला आहे, त्याला सांग.

सुचिता टिपणीस


१८ फेब्रुवारी

देवव्रत,

तुझा फोन वीस मिनिटांत येईल असं मला वाटलं नव्हतं.

शिवदासने तो स्पीकरवर लावून उलट्या बादलीवर ठेवला होता. छत्तीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तोही बादलीवरून. तू विचारलंस, घोडीजवळ कोण कोण आहे. शिवदास म्हणाला, “मी हाय, डॉक्टर निकेश हाय, आई हाय, आन् मागच्या वाडीतल्या मॅडम.” तू म्हणालास, “मॅडमना सांगा, ती रक्ताची नळी मोरीत ओतू नका.”

म्हणजे पहिलं पत्र पोचलं.

शिवदासला काही कळलं नाही. “मॅडम, ते नळी वतू नका बोलत्यात,” असं त्याने मला तीन हातांवरून ओरडून सांगितलं. मी म्हटलं, ऐकू आलं.

तू सांगितल्याप्रमाणे सगळं चालू आहे. नाकातून नळी घालून कोंड्याची पातळ पेज, दर दोन तासांनी. शिरेतून ग्लुकोज. गर्भ टिकवण्याचं औषध निकेशने पनवेलहून मागवलं. पहिल्यांदा नळी घालताना तो दोनदा थांबून फोनकडे वळला. तू फोनवरून म्हणालास, “घाई करू नका, तिला गिळू द्या, मी आहे.” माझ्या प्रयोगशाळेत तू इतकं सावकाश कधी बोलला नाहीस. कदाचित मी बोलू दिलं नसेल.

इथे दुसरीच पंचाईत झाली आहे. नीराबाई सोमवारपासून जेवलेली नाही. तिचं म्हणणं, रविवारी मोगरीने खालच्या पेंढ्याचे दोन घास खाल्ले होते, तिने पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. उपास मोडला, म्हणून देव कोपला. “घोडी खाईल तवा मी खाईन.” तेजस्वीने चहा पुढे केला तर कप उपडा घातला. शिवदास म्हणतो, “आई, तुलापन नळी लावायची का आता?” तरी नाही.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. त्या दोन घासांनी घोडीचं भलंच झालं असेल, आणि ही बाई त्यांच्यापायी स्वतःला शिक्षा करते आहे. मी तबेल्यात जाते, नोंदी लिहिते, परत येते. तिच्याकडे बघत नाही.

मी थकले आहे, देवव्रत. जागरणाने नाही.

सुचिता


२१ फेब्रुवारी

देवव्रत,

काल दुपारी चारला मोगरीने खाल्लं. चणे नाही, कोंडा नाही. माझ्या वाडीत पाटाच्या कडेला हिरवं गवत असतं, ते मी कोयत्याने कापून नेलं होतं. एक काडी ओढली, मग दुसरी, मग माझ्या पदरालाच तोंड घातलं. शिवदास मोठा घोडेवाला, पण बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आज नळीतलं वरचं पाणी पिवळट आहे. मागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला. सडांचे थेंब थांबले.

तू हे सगळं शिवदासकडून ऐकलं आहेस. तरी लिहिते, कारण याच्या आदल्या दिवशी जे झालं ते त्याने सांगितलं नसणार.

गुरुवारी सकाळी नीराबाईला घेरी आली. तबेल्याच्या दारातच बसली. तेजस्वी तिला रागावत होती, रडत होती. मी तिथे वही घेऊन उभी. आणि मला दिसलं की मी पुन्हा तेच करते आहे. चूक माझी, भोगतंय दुसरं कोणी, आणि मी शेजारी उभी राहून नोंदी करते आहे.

मी तिच्याजवळ खाली बसले. या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे काय ते तुला साठी ओलांडल्यावर कळलंच असेल. म्हटलं, “नीराबाई, देवाचा काही संबंध नाही. तू मला विचारलंस तेव्हा मी चुकीचं सांगितलं. गाभण घोडीला उपाशी ठेवायचं नसतं. तिची चरबी रक्तात उतरते, आणि ती पोटातल्यापर्यंत पोचते. पोचत नाही असं मी म्हटलं ते खोटं होतं.”

ती म्हणाली, “तुला ठावं व्हतं?”

“हो.”

“मंग तवा का न्हाय बोललीस?”

मी वही मिटली. तिने तेजस्वीकडे हात केला आणि चहा मागितला. प्यायली.

आता तुझं.

मागे लिहिलं की तुझे नमुने मोरीत ओतले. ते खरं आहे, पण अर्धं. तू नाळेतलं रक्त प्रत्येक वेळी दोन नळ्यांत घ्यायचास. एक तुझ्या मांडणीवर, एक राखीव, माझ्या फ्रीजरमध्ये. चौदा घोड्या, चौदा राखीव नळ्या. तुझ्या कामाचा निकाल देणाऱ्या समितीची बैठक सोमवारी होती. आदल्या शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मी त्या राखीव नळ्या काढून स्वतः तपासल्या. काच मी स्वतः आम्लात भिजवून धुतली होती. डबा मी आणलेला नव्हता, कारण माझा शनिवारचा उपास असायचा. कोणाच्याही हाताला तेल नव्हतं.

चौदाच्या चौदा नळ्यांत ते निघालं. जी चरबी शिंगराला स्वतः करताच येत नाही, जी आईच्या चाऱ्यातूनच यावी लागते, ती. वार तिला अडवत नव्हती. तू म्हणत होतास तसंच, आईच्या रक्तातली जड चरबी वारेतच तोडली जात होती आणि तिचे सुटे भाग शिंगराच्या रक्तात जात होते. आणि त्यातल्या दोन घोड्या, आठवतं, गाडी घाटात बंद पडली म्हणून दीड दिवस चाऱ्याशिवाय आल्या होत्या? त्या दोघींच्या नळ्यांत सगळ्यांत जास्त. दोघी दिवस भरण्याआधीच व्यायल्या होत्या. तू अहवालात त्याखाली रेघ मारली होतीस.

सोमवारी मी ‘नमुने दूषित’ या शब्दांखाली सही केली, आणि तुला कॉलेज सोडावं लागलं. मग तुझ्या नळ्या ओतल्या. त्यांच्यामागून राखीवही.

तेव्हापासून वर्गात ते भिंतीचं वाक्य दरवर्षी म्हणत गेले. पुढे बाहेरच्या देशांतून तुझ्यासारखेच निष्कर्ष छापून आले, तरी म्हणत राहिले. कोणी हात वर केला की त्याला खाली बसवायची. नीराबाईने पायरीवर बसून विचारलं तेव्हाही तोंडातून तेच निघालं. इतकी सवय झाली होती. खरं उत्तर द्यायचं असतं, तर आधी तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

हे पत्र तेजस्वीला फोटो काढायला दिलेलं नाही. टपालाने येईल.

सुचिता


१३ मार्च

देवव्रत,

काल सकाळी अकराला मोगरी व्याली. तीनशे सदतिसावा दिवस. घोड्या एरवी रात्री कोणी नसताना वितात. हिने भर उजेडात, अर्ध्या गावासमोर उरकलं. मादी आहे. अंगाने बारीक, पाय नुसत्या काठ्या, पण पाऊण तासात उभी राहिली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा आईच्या पुढच्या पायांत दूध शोधू लागली. तेजस्वी म्हणाली, “अगं, किचन मागे आहे!” सगळे हसले, नीराबाईसुद्धा.

तुझा फोन शिवदासला आला, तेव्हा तू विचारलंस म्हणे, “मॅडम बऱ्या आहेत का?” तो म्हणाला, “बऱ्या हायेत, पन भांडत न्हाईत.” तू हसलास असं तो सांगतो. माझ्या पत्राबद्दल तू त्याला काही बोलला नाहीस. मलाही काही लिहिलं नाहीस. योग्य आहे.

वार तासाभरात पडली. नीराबाईला ती विहिरीवरच्या उंबराला टांगायची होती. चिकाचं झाड, दूध वाढतं म्हणतात. मी म्हटलं, टांग, पण आधी मला बघू दे. इतक्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने ताडपत्री अंथरली. आम्ही दोघींनी वार पसरली, तिची शिंगांसारखी दोन्ही टोकं सरळ केली, कुठे तुकडा आत राहिलाय का ते बोटांनी चाचपलं. अख्खी होती. एका बाजूने लाल, मखमलीसारखी. नीराबाईने तिच्यावरून हात फिरवला.

“ह्येच्यातून जेवली ती?”

मी म्हटलं, “हो. आईच्या अंगावरची चरबी इथे येते, इथे बारीक होते आणि पलीकडे तिला मिळते. आई उपाशी असली तर आईचंच अंग झिजून मिळते.”

बत्तीस वर्षं शिकवलं, पण हे वाक्य मी कोणाला सांगण्याची ही पहिलीच वेळ. विद्यार्थिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पदर खोचून ताडपत्रीवर उकिडवी बसलेली. तिला ते लगेच पटलं. म्हणाली, “मला वाटतच व्हतं. आई हाय ना ती.” मग वार उचलताना, माझ्याकडे न बघता: “तवा का न्हाय बोललीस, त्ये न्हाय सांगितलंस अजून.”

तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. कोणाचा दबाव नव्हता. पगार वाढणार नव्हता, खुर्ची जाणार नव्हती. तू पंचवीस वर्षांचा होतास, टेबलावर डबा खायचास, आणि बरोबर होतास. मी सगळ्यांसमोर एकदा ‘नाही’ म्हणून बसले होते. माझं चुकलं हे चार लोकांना कळण्यापेक्षा तू गेलेला मला सोपा वाटला. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

नीराबाई म्हणाली, “येवढंच?” मी म्हटलं, एवढंच. तिने मान हलवली आणि वार घेऊन उंबराकडे गेली. संध्याकाळी गूळखोबरं पाठवलं. क्षमा केली की घरी शिंगरू झालं म्हणून वाटलं, ते मी विचारलं नाही.

कॉलेजला मी लेखी कळवलं आहे, सहीनिशी: तुझे नमुने दूषित नव्हते, मला ते माहीत होतं, आणि पुरावा मी स्वतः नष्ट केला. मेळाव्यात ते वाचून दाखवायची परवानगी मागितली आहे. नाही दिली तरी उभी राहून वाचणार. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्याने तुझी वर्षं परत येत नाहीत, हे मला कळतं. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी तरीही वाचेन.

एक काम राहिलं. काल नाळेतलं रक्त मी दोन नळ्यांत घेतलं. काच मीच धुतली, सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. एक नळी निकेश बर्फात घालून तुझ्याकडे पाठवतो आहे. दुसरी राखीव, माझ्या फ्रीजरमध्ये आहे, सोललेल्या कोळंबीच्या डब्याशेजारी. लेबलवर घोडीचं नाव, तारीख, वेळ आणि वर तुझं नाव घातलं आहे. नमुना क्रमांक पंधरा टाकला आहे. चौदा तुझे झालेलेच होते.

सुचिता